मागून

गेट पडलेलं होतं.
टिळकवाडीचं दुसरं गेट, संध्याकाळचे सव्वासहा,
हुबळीकडची गाडी अजून यायची होती.
मी मागच्या सीटवर, मांडीवर मेकअपची पेटी,
भाच्याला सांगत होते, इंजिन बंद कर की रे,
पेट्रोल काय फुकट मिळतं हो—

आवाज नंतर आला.
आधी डोकं मागे गेलं, मग पुढे,
कोंबडी दाणा टिपते तसं. एकदाच.
"मावशी, दुखूलाय काय?"
मग रेल्वे आली. मी डबे मोजले, अठरा.
हलता येत नव्हतं म्हणून मोजले.

साक्ष लागली तिसऱ्या वर्षी.
विमा कंपनीचे वकील हिरेमठ, सभ्य माणूस,
चष्मा पुसून विचारतात,
गाडीचा नंबर एमएच झिरो नाईन. तुम्ही नक्की कुठल्या?
म्हटलं, गाडी कोल्हापूरची, सेकंडहँड.
मान इथलीच. वडगावची.

माझं मराठी बोलणं क्लार्कबाई कन्नडात उतरवत होत्या,
"माझी मान गेली"पाशी अडखळल्या.
"मान होतेन्री?"
त्यांच्याकडे मान म्हणजे नुसती अब्रू.
बाकावरची सगळी माणसं वळली
आणि माझ्या पदराकडे बघत राहिली.
"कुत्तिगे," मी गळपट्ट्यावर बोट ठेवलं, "कुत्तिगे, बाई."
त्यांनी खोडून वर लिहिलं.
घरी आल्यावर वाटलं,
पहिलं राहू दिलं असतं तरी चाललं असतं.

धंदा? ब्युटी पार्लर.
त्यात मानेचं काय काम?
पर्समध्ये रीळ होतंच.
एक टोक दातात, दोरा बोटांत पीळ घालून,
आणि मान अशी, मागे-पुढे, मागे-पुढे,
नवरीची एक भुवई म्हणजे दोनशे वेळा तरी.
दाखवता दाखवता तिथंच अडकले, दोरा दातात.
साहेब म्हणाले, लिहून घ्या.
काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही.

डॉक्टरांचा दाखला: अठरा टक्के कायमचं अपंगत्व.
अठरा कुठून मोजायचे, कानापासून?
तवा दिसतो. तव्यामागचं मीठ दिसत नाही.

हिरेमठांनी फोटो पुढे केला.
नणंदेच्या पोरीचं लग्न, मी वर बघून हसतेय.
"अक्षता होत्या," म्हटलं,
"त्या वरूनच पडतात."
कोणी हसलं नाही. मीही नाही.

आमचे वकील म्हणतात, आठ लाख मागून ठेवू, तीन तरी येतील.
अर्जात एका पानावर मागून धडक आहे,
दुसऱ्यावर मागून घेणे.
रात्री वाचायला बसते आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात,
कोण मागून आलं आणि कोण मागून राहिलं.

आणि तो, शिवानंद बडिगेर, बैलहोंगलचा,
सव्वीस वर्षांचा, त्या दिवशी ब्रेकच्या आधी फोन बघणारा.
पैसे कंपनी देणार, त्याला यायची गरज नसते.
तरी प्रत्येक तारखेला येतो, इस्त्रीचा शर्ट घालून.
पहिल्या वेळी जिन्यात त्यानं पाठीमागून हाक मारली,
"अक्का."
मी वळले. मान नाही, सगळीच वळले,
दोघं मिळून कपाट फिरवतात तशी, आधी पाय, मग खांदे.
त्यानं ते पाहिलं.
तेव्हापासून तो मागून हाक मारत नाही.
झेरॉक्सवाल्याच्या बाजूनं सगळा वळसा घालतो,
धापा टाकत समोर येऊन उभा राहतो,
आणि मगच, "नमस्कार्री अक्का. हेंग अदीरी?"

त्याच्यावर रागवायचं मी ठरवून येते.
पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली.
तो मला सांगतो, मी त्याला सांगते, दोघांनाही माहीत असतं.
मी मान डोलावते. तेवढी डोलते.
हिरेमठांना दिसू नये म्हणून
पदर जरा पुढे ओढून घेते.