मालक येणार आहेत

आयवालिकला पोचलो ती वेळ दुपारची,
आणि दुपारी या गावात फक्त मांजरं जागी असतात.
गल्ली एवढी चिंचोळी, की आमची चाकांची बॅग
दोन्ही भिंतींना विचारत विचारत पुढे गेली.
घरं गुलाबीसर दगडाची. इथे त्याला लसूण-दगड म्हणतात.
का, ते कुणालाच नीट सांगता येईना;
बेकरीवाल्यानं भिंतीला नाक लावून दाखवलं
आणि खांदे उडवले.

म्यूझेय्येन हानिमनी वरची खोली दिली.
समुद्राकडे खिडकी. पलंग, खुर्ची, भिंतीत एक खिळा.
दाराच्या माथ्यावर कोरलेली दोन अक्षरं,
त्यांनाही न वाचता येणारी.
"कधी पुसली नाहीत?"
नातू ओझाननं माझा प्रश्न तुर्कीत नेला, उत्तर घेऊन आला:
"दगडावर आहेत म्हणते, पाटीवर नाहीत."

दोन दिवस आम्ही रीतसर सुट्टी घालवली.
तळलेले बोटभर मासे डोक्यासकट खाल्ले,
बंद पडलेल्या तेलगिरण्यांची धुराडी मोजली
(वृंदाची अकरा, माझी नऊ),
ऑलिव्हचा साबण घेतला, मग आणखी घेतला,
आणि खिडकीतून दिसणाऱ्या निळ्या डोंगराला
उगीच ढग समजत राहिलो.

तिसऱ्या सकाळी चहाच्या इवल्या पेल्यांबरोबर निरोप आला:
"दोन रात्री खोली सोडावी लागेल.
मालक येणार आहेत."
मी तावातावानं फोनमधली पावती दाखवली.
पैसे भरलेत, तारखा आहेत, नाव आहे.
म्यूझेय्येन हानिमनी पावती चष्मा लावून वाचली,
छान आहे म्हणाल्या,
आणि आमच्या उशा उचलून माळ्यावर निघाल्या.

माळ्यावर कांदे होते. आणि आम्ही.

मालक दुपारच्या बोटीनं आले,
समोरच्या बेटावरून, त्या ढगावरून.
इग्नातिस नाव. वय सत्तरच्या पुढे, हातात पेढ्यांच्या खोक्यासारखं खोकं,
डोक्यावरची टोपी त्यांनी न बघता भिंतीतल्या खिळ्याला अडकवली.
त्यांच्या आजोबांनी ठोकलेला खिळा.
आधी लढाई झाली, मग दोन सरकारांनी सह्या केल्या;
इकडचे तिकडे गेले, तिकडचे इकडे आले.
म्यूझेय्येन हानिमची आजी क्रीटहून उतरली
तुर्कीचा एक शब्द न येता, या रिकाम्या घरात.
चुलीवर भांडं होतं, म्हणे. घासून ठेवलेलं.

रात्री अंगणात दोघांचं कडाक्याचं भांडण.
आम्ही जिन्यावर श्वास धरून बसलो.
आता निघणार सगळं, मी वृंदाला म्हटलं.
ओझान कलिंगड खात होता. "भाड्यावरून आहे," तो म्हणाला,
"दरवर्षी असतं. ते जास्त देतात, ही घेत नाही.
आजीला तिच्या आजीचं ग्रीक येतं, पण फक्त स्वयंपाकघरापुरतं.
त्यामुळे ती त्यांना आत्ता
करपलेलं वांगं म्हणतेय."

ते गेल्यावर खोली परत मिळाली.
पलंगावरची चादर आम्ही घातली होती तशीच, एक सुरकुती नाही.
फक्त खुर्ची खिडकीशी ओढलेली,
आणि कट्ट्यावर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, दोन रात्रींची.
"इथल्याकडे तर बघतही नाहीत," मी म्हटलं.
ओझाननं टरफलं ओंजळीत भरली.
"तिकडे त्यांच्या गच्चीत दुर्बीण आहे, वर्षभर हे घर बघतात.
इथे आले की तिकडचं.
बायकोनं दिवा लावला का, ते."

त्या संध्याकाळी मीही खुर्चीत बसलो.
डोंगर काळा झाला, पायथ्याशी दिवे लागले,
पुष्कळ. कुठला कोणाचा, मला काय कळणार.
वृंदानं विचारलं, आपण गॅस बंद केला होता ना निघताना?
मी हो म्हटलं,
आणि मग बराच वेळ
आठवत राहिलो.