श्रेयांक

खिडकी क्रमांक चार. पाटी म्हणते : समकक्षता कक्ष.
खाली कुणीतरी बॉलपेननं भर घातलीय :
जेवणाची वेळ पाळली जाते.

गणेशखिंडीला बसमधून उतरले तेव्हा साडेदहा,
आता सव्वा वाजलाय,
माझी फाईल घोटणेकर मॅडमच्या कोपराखाली
सुखरूप आहे.

मिरज, अठ्ठ्याण्णव साल.
पदविकेची दोन वर्षं झाली, तिसरं राहिलं.
का राहिलं, असा रकाना अर्जात नाही.
मी मात्र त्याचीच तयारी करून आलेली,
कात्रजपासून वाक्यं जुळवत,
संचेतीच्या पुलापर्यंत छान जमलंही होतं.

मॅडम जुना अभ्यासक्रम नव्याशेजारी मांडतात,
फुटपट्टी सरकवतात ओळीओळीनं,
शिंपी जुन्या झंपरावरून माप घेतो तशा.
‘सत्तर टक्के जुळायला हवं,’ म्हणतात,
‘नाहीतर वरचे मलाच विचारतात.’

सेंद्रिय रसायन : चार. मिळाले.
पेपरच्या दुसऱ्या दिवशी विसरले होते सगळं,
तरी मिळाले.

काचकाम : शून्य.
‘असा विषयच नाही हो आता कुठे.’
नळी ज्योतीवर फिरवत राहायची,
ती लवायच्या एक श्वास आधी
बोटांना कळतं.
हे मला लॅबमधल्या मगदूममामांनी शिकवलं,
ते स्वतः सातवी.
त्यांच्या त्या एका श्वासाला
सत्तर टक्के काय जुळणार?

बावीस वर्षं मंगळवार पेठेत, रक्तपेढीत.
पदनाम : मदतनीस.
रात्री तीनला स्लाईड उजेडाकडे तिरकी धरून
पुंजके धरलेत की नाही ते मी बघते,
नवी पोरं माझ्या तोंडाकडे बघतात,
मग सही करतात. त्यांची.
ह्याला अनुभव म्हणतात.
अनुभवासाठी परिशिष्ट ‘क’, तीन प्रतींत,
पुढच्या सत्रात विचार होईल.

श्रेयांक.
कुणी घडवला असेल हा शब्द?
श्रेय अधिक अंक,
सवर्णदीर्घ संधी, आठवीच्या व्याकरणात होती.
दोन अ जवळ आले की आ होतो
आणि सांधा दिसेनासा होतो.
मी इथे उभी राहून नखानं
तोच सांधा चाचपतेय.

‘सूक्ष्मजीव, प्रात्यक्षिक. जर्नल आणलंय?’
आणलंय. तपकिरी कव्हर, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला.
मॅडम पानं उलटतात, मग थांबतात,
चष्मा कपाळावर.
‘काय सुरेख आकृत्या आहेत हो!
हे जिवाणू बघा,
फोटोला भांग पाडून बसल्यासारखे.’
दोन, मिळाले. शिक्का.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं :
‘ह्या माझ्या नाहीत.’

मागच्या रांगेतला खोकला थांबला.
खरं तर कुणी विचारलं नव्हतं.
नाव माझं, रोल नंबर माझा,
तपासल्याची सही खरी,
फक्त पेन्सिल तिची होती.
ती कोपऱ्यातल्या बाकावर बसून काढायची,
मी तिला बसस्टँडवरची भजी द्यायचे.
एवढाच व्यवहार.
तिसऱ्या वर्षाला तीही नव्हती.

शिक्क्याची शाई अजून ओली.
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं,
मग घड्याळाकडे, एक पंचवीस.
‘कुणाच्या मग?’
‘मुबीनाच्या.’
‘आडनाव?’
सवयीनंच विचारलं त्यांनी,
पेनाचं टोक कागदावर टेकलेलंच होतं.

‘तांबोळी.’

पेन ठेवलं. ड्रॉवरमधून पेन्सिल काढली,
टोक नव्हतं, ते ब्लेडनं केलं,
आणि समासात, बारीक अक्षरात,
पूर्ण नाव लिहिलं.
खोडलं काहीच नाही.

‘एकूण चौतीस बसतात,’ म्हणाल्या,
‘बाकीचे पुन्हा करावे लागतील तुम्हाला.’
आणि डबा काढता काढता
खिडकीचं दार ओढून घेतलं.