चार्ज देताना

ही किल्ली उलटी फिरते, आधी ते ऐका.
मग रजिस्टर. पान सत्तेचाळीसपासून
"चित्रे व तत्सम" असा मथळा,
अक्षर गायधनी सरांचं. प्राचार्य असताना
एका ड्रॉइंग मास्तरांच्या पोराची एकशे बारा रुपये फी
त्यांनी सोमेश्वरच्या धबधब्यावर भागवून घेतली.
तो धबधबा म्हणजे पहिली नोंद.
संस्थाचालक म्हणाले होते म्हणे,
धबधब्याने शिपायाचा पगार होतो का?

झाला नाही. पण गावात बोलणं पसरलं, आणि
ज्याच्या घरात भिंती कमी नि चित्रं जास्त
तो इकडे येऊ लागला.
तांबट गल्लीतल्या निवृत्ती वझऱ्यांनी
परातीएवढा सूर्य दिला, सगळा ठोक्यांचा.
एक टर्म कॅन्टीनवाल्याने तो दुधावर झाकण घातला.
परत घेताना मी रीतसर पावती केली.

तेव्हा कॉलेज भाड्याच्या खोल्यांत, नदीच्या अंगाला.
ज्या वर्षी पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलं
त्या वर्षी अकरा चित्रं गेली. जलरंगातली सात.
गंगेनं आपलं तेवढं परत नेलं,
सर म्हणाले, आणि लगेच मान फिरवली.
रजिस्टरात मात्र "निर्लेखित" असंच लिहावं लागतं.
धबधबा वाचला. त्याच्या कमरेला आता
गाळाची एक सरळ रेघ आहे.
नव्या प्राचार्या विचारतात, ही मूळ चित्रातली का?
मी हो म्हणतो.

आता क्रमांक तेवीस. नीट बघा.
"बाई, एक. पेनाने. चौकट लाकडी. किंमत रु. ४०."
देणारे दौलत पगारे, नोटांच्या छापखान्यात होते.
दिवसभर बारीक रेघा, सुटताना गेटवर झडती,
कागदाचा कपटा बाहेर न्यायची सोय नाही.
हे घरी काढलेलं, रविवारी.
तीस वर्षं मी हिच्यावरची धूळ पुसली.
म्हणजे काचेवरची.
परवा मूल्यांकन समिती येणार म्हणून काच काढली,
कसर लागली का बघायला
झूलॉजीचं भिंग मागून आणलं.

लुगड्याचा काठ रेघांचा नाही.
अक्षरांचा आहे.
हौसा हौसा हौसा हौसा
मुंगीच्या पायाएवढं, खांद्यावरून पदर,
पदरावरून निऱ्यांपर्यंत.
एका ठिकाणी शाई बदललीय,
तिथून पुढची हौसा जरा निळसर.

समितीने दोन मिनिटं दिली. त्यांना
कलादालनाचं क्षेत्रफळ हवं होतं, चौरस फुटांत.
जिन्याखालची जागा मोजून दिली. जिन्यासकट.

तो शेवटचा रकाना आहे ना, "शेरा",
त्यात आजवर कोणीच काही लिहिलं नव्हतं.
तेवीसपुढे मी पेन्सिलीने नाव लिहिलंय.
पेन्सिलीने, कारण कागद नाही, साक्ष नाही,
बायको होती, बहीण होती, की आणखी कोण.
पगाऱ्यांचं घर जेल रोडला होतं,
तिथे आता मेडिकल आहे.

शाईने करायचं का ते तुम्ही ठरवा.
भिंग झूलॉजीला परत द्यायचंय, दोनदा निरोप आलाय.
इथे सही करा.
किल्ली उलटी. लक्षात आहे ना?