कोरे चौकोन

बेगोन्या गेली तेव्हा तिच्या ड्रॉवरात राहिली
एक घडीची वही, आत नुसते कोरे चौकोन.
सुहारच्या प्लँटवर अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसलो,
मी खाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवायचो, ती गोड्या.

तिच्या मुलखात, सांगायची, माणसं डोंगरातल्या खेड्यांतून
एका संताच्या थडग्यापर्यंत चालत जातात,
आणि गावोगाव कुणीतरी वहीत शिक्का मारतं,
कधी पाद्री, कधी बेकरीवाली, पिठाच्या हातानं.
ती जाणार होती. मग गुडघा.
फोनवर म्हणाली, तिथेच कुठेतरी चाल,
चढ सगळीकडे सारखाच चढतो.

माझ्या पासपोर्टात बावीस वर्षांचे शिक्के :
आलास, गेलास, आलास, गेलास.
मधलं काहीच नाही.
पुढच्या महिन्यात शेवटचा.

म्हणून मिस्फाहून निघालो,
केळीच्या सावलीतून, फलजच्या काठाकाठानं,
दगडांवरचे रंगाचे पट्टे शोधत.
पहिल्याच वळणावर सैदलवीचं दुकान, मलप्पुरमचा माणूस.
ताक दिलं, वही पाहिली, काही न विचारता ठप्प :
‘रोख मिळाले.’
उधारीचा शिक्का बनवलाच नाही, म्हणाला,
नाहीतर तुला तोच शोभला असता.

दुसऱ्या दिवशी खिंडीत
वारा, आणि टाचेवर रुपयाएवढा फोड.
बसलो तर एका बकरीनं
वहीचा कोपरा खाल्ला, सावकाश, डोळ्यांत बघत.
तो चौकोन भरला असं धरून चाललो.

उतार चढाहून वाईट असतो हे कुणी सांगत नाही.
बलद सैत खाली दिसत राहिलं दुपारभर,
हिरवं, तळहाताएवढं,
आणि जवळ येईना.

खलफान बिन नासर पाण्याच्या पाळ्या राखतो.
अंगणात रोवलेली काठी, तिची सावली मोजायला दगड;
मनगटावर घड्याळही आहे,
पण पाण्याला ते कळत नाही, म्हणाला.
शिक्का नव्हता त्याच्याकडे. वही गुडघ्यावर घेऊन
सावकाश एकच शब्द लिहिला : अथर.
अर्ध्या तासाचं पाणी म्हणजे अथर.
मी मान डोलावली.
मग तो माझ्यामागच्या धुळीकडे बोट दाखवून म्हणाला,
तेही अथर. पावलाची खूण.
दोन्हीला आमच्याकडे एकच शब्द पुरतो.
रात्रभर उशाशी ते पाणी कुणाच्या तरी शेताकडे चाललं होतं.

चौथ्या दिवशी अवाबी. डांबर.
काय अपेक्षा होती कोण जाणे,
घंटा, निदान एखादी पायरी डोकं टेकवायला.
पेट्रोल पंप होता.
शफिउलनं विचारलं, गाडी कुठंय?
मी बूट दाखवले.
खूप हसला. मग गाडी धुण्याच्या कार्डांना
भोक पाडायचं यंत्र आणून
वहीच्या शेवटच्या चौकोनात एक गोल पाडला.
डोळ्याशी धरला तर त्यातून
सगळा डोंगर मावतो, थोडा हलतो.

रुस्ताकच्या पोस्टातल्या बाईनं फॉर्म पुढे सरकवला.
आत काय आहे? किंमत?
मी पेन हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो,
मागची रांग खाकरू लागली.
मग लिहिलं :
कागद. वापरलेला.
किंमतीच्या रकान्यात
तिच्या गुडघ्याची चौकशी लिहायची होती,
जागा नव्हती.