अकरा मिनिटं

गळ्यात निळी फीत, फितीवर कंपनीचं नाव मोठं,
त्याखाली माझं, तेही चुकलेलं:
मृदुला सरवटेचं मृदुल सर्वते.
विजयनगरचं हॉटेल, तिसरा मजला,
गालिचा इतका जाड की स्वतःची पावलं ऐकू येईनात,
आणि दारातच एक मुलगा हसून म्हणतो,
मॅडम, जरा वळा, तुमचा कोड स्कॅन करतो.
वळले. बीप.

शनिवार मोडून रामबागेतून रिक्षानं आले होते.
साहेब म्हणाले होते, काहीतरी शिकून या,
सोमवारी टीमला तीन मुद्दे सांगा.
पहिलं भाषण: क्लाउड म्हणजे प्रवास.
दुसरं: प्रवास म्हणजे आमचा क्लाउड.
तिसऱ्यात एक आलेख वर वर चढत गेला,
त्याच्या उभ्या रेघेवर कशाचंच माप नव्हतं.
मी तो वहीत उतरवला आणि बाजूला
दुधाचा हिशेब मांडला.

जेवणानंतर अंबरीश किबे उभा राहिला,
छातीवर त्याच्या डेटाबेसचं घुबड.
म्हणाला, एका बटणात सगळं. बटण दाबलं.
पडदा लाल.
पुन्हा दाबलं. आणखी लाल.
मागून कुणी, टेन्शन मत लो भिया!
हशा पिकला, विरला,
मग नुसता एसीचा आवाज.
त्यानं माइक टेबलावर ठेवला, बाह्या वर केल्या.
थांबा, म्हणाला, हे मलाही माहीत नाही.

सकाळपासूनचं हे पहिलं वाक्य
जे कुणी आधी तपासून दिलेलं नव्हतं.

लॉग उघडला. ओळी धावल्या.
तो मोठ्यानं विचार करू लागला, अडखळत:
इथे जोडणी मिळते, इथे सुटते, का सुटते?
देवासची एक मुलगी, अजून कॉलेजातली,
अर्धवट उठून म्हणाली, सर, सर्व्हरचं घड्याळ बघा ना.
साडेपाच तासांचा फरक.
टोकन जन्मायच्या आतच मुदत संपलेली.
कुणी म्हणालं, आमच्याकडे दिवाळीत हेच,
बिलं उद्याच्या तारखेची निघाली.
मी दुधाचा हिशेब खोडला.
चार वर्षं माझ्या रिपोर्टात पहाटेच्या नोंदी
आदल्या दिवसात जाऊन बसतात.
ऑफिसात आम्ही त्याला भूत म्हणतो
आणि रोज हातानं उतरवतो.

अकरा मिनिटं. मग पडदा हिरवा झाला.
टाळ्या. किबेनं माइक उचलला, घसा साफ केला,
आणि त्याच्या आवाजाला परत इस्त्री झाली:
तर मित्रांनो, एका बटणात सगळं.

त्याला हसावं, तर मला तोंड नाही.
गेल्या साली भोपाळला, दोन साइज मोठ्या शर्टात,
आमच्या स्टॉलवर मीच उभी होते
येणाऱ्याला वळा जरा म्हणत.
आमच्या सॉफ्टवेअरात काय कुठे मोडतं
मला तोंडपाठ होतं.
कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

चहाच्या रांगेत त्या मुलीला गाठलं. निमिषा पवार.
तुला कसं सुचलं गं?
म्हणाली, माझ्या जुन्या लॅपटॉपचा सेल गेलाय,
रोज उठतो तो दोन हजार नऊ सालात.
काही बिघडलं की मी आधी घड्याळच बघते.
तिच्या पिशवीत सात स्टिकर होते,
नवा सेल मात्र कुणी वाटत नव्हतं.

सोमवारी फळ्यावर लिहिलं:
एक, घड्याळ बघा.
दोन.
तीन.
साहेब बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले.
तेवढ्यात फोन वाजला, सकाळपासूनचा पाचवा:
नमस्कार, मृदुल सर बोलताहेत का?