सोमवारचं टपाल

डंडीला सोमवारचं टपाल उशिरा येतं.
ग्रेगर ट्रॉली ढकलत आत शिरतो,
लादीवर ओल्या बुटांचे ठसे उमटवत विचारतो,
"आज केक किती?"
एकवीस, मी म्हणते. सही करते.
खोक्यांत काय असतं, ते एकदा सांगितलंय त्याला.
कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता,
आणि तेव्हापासून खोके दोन्ही हातांनी उचलतो.

आत बर्फाची पिशवी, तिच्या कुशीत नळी,
नळीत कुणा बाईचा दुसरा दिवस.
पर्थ, इन्व्हरनेस,
ग्लासगोतलं चौथ्या मजल्यावरचं एखादं घर.
मी नोंदवते: तारीख, मिलिलिटर, रंग, गुठळ्या.
मग काचेखाली त्या पेशींना विचारत बसते,
बायांनो, घर तुमचं गर्भाशयात,
मग आतड्यावर, मूत्राशयावर,
अंडाशयाच्या पाठीवर
बिऱ्हाड का थाटलंत?
दर महिन्याला तिथेही रक्त,
आणि वाहून जायला वाट नाही.

आमच्या मिरजेत म्हणायचे, कावळा शिवला.
अंबूआत्याने चार दिवस कशाला शिवायचं नाही,
लोणच्याच्या बरणीला नाही, तुळशीला नाही.
मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून
ती पोटाशी गरम विटेचा तुकडा धरून पडायची.
नाटकं, काकू म्हणायची.
पुढे मूल झालं नाही
तेव्हा तोही तिचाच दोष निघाला.
मी सातवीत होते. मला वाटायचं,
हिचा कावळा फार मोठा असणार.

इथे कावळे कमी, सीगलच फार.
खिडकीच्या कठड्यावर ते चोच आपटतात
आणि आत मी निळे हातमोजे चढवून
दिवसभर शिवत असते.

प्रश्नावलीत वेदना शून्य ते दहा.
बायका सात लिहितात, खोडून पाच करतात.
सुरुवातीला मला वाटायचं, शब्द कमी पडतात यांना,
आपल्याकडे बघा,
कळ, ठणका, शूळ, मुरडा, चमक, रग.
पण आत्याने यातला एकही
मोठ्याने उच्चारल्याचं आठवत नाही.
शब्द होते.
विचारणारं कोणी नव्हतं.

गेल्या वर्षी एका प्रथिनावर भरवसा टाकला होता.
अकरा महिने.
पहिल्या चाळीस नमुन्यांत उजळलं,
पुढच्या साठांत विझलं.
"नाही हेही उत्तरच असतं," प्रोफेसर मकॅलम म्हणाले.
खरं आहे.
पण ते टपालाने परत कसं पाठवायचं,
त्या शंभरजणींना?

नमुना एकशे अठरासोबत चिठ्ठी होती.
नाव नाही; नावं आम्हाला कळतच नाहीत.
शाई बर्फाने पुसट झालेली:
माफ करा, उशीर झाला.
माफ करा, फार आहे.
माफीसाठी तक्त्यात रकाना नाही.
नियमाप्रमाणे चिठ्ठी नष्ट करायची असते.
ती माझ्या खणात आहे,
स्टेपलरखाली.

निरोगी गटात नमुने कमी पडले
म्हणून काल मी माझाच दिला.
अर्ज माझाच बनवलेला, प्रश्न तोंडपाठ.
वेदना? तीन, लिहिलं,
हात घाबरला नाही, थांबलाही नाही.
मोरॅग शेजारी लेबलं छापत होती.
माझ्या पर्समधल्या गोळ्या तिने पाहिल्यात,
दर महिन्याला चुकवलेली एखादी मीटिंग,
गाडीत पाय पोटाशी घेऊन काढलेली दुपार.
"तीन?" ती म्हणाली,
"कुणाच्या मानाने?"

मी आत्याचं नाव सांगितलं नाही.
पेन शाईचं होतं.
नळी अजून लेबलाविना बर्फात उभी आहे,
कुठल्या गटात, ते ठरायचंय.
जिन्यात ग्रेगरची शीळ ऐकू येतेय,
आज एक फेरी जास्त दिसते.