काय नाही, ते

लोखंड ठिणगीवरून ओळखायचं,
हे दादांनी मला सातवीत असतानाच शिकवलं.
ग्राइंडरला टेकवलं की
साध्या लोखंडाची ठिणगी लांब जाते, सरळ,
देणं फेडून घरी निघालेल्या माणसासारखी.
कानशीच्या पोलादाची फुटते, फुलबाजी होते.
हायस्पीडची लाल, बुटकी, चाकालाच चिकटून.
वागळे इस्टेटमधल्या आमच्या दुकानात
तोंड बघून भाव कधी झाला नाही.

हे आलं मार्चमध्ये, एका ड्रमात,
झिजलेले पाने, ड्रिलं, अर्धी हॅक्सॉ ब्लेडं,
आणि सगळ्याच्या तळाशी हे.
वीतभर. मूठ शिसवी, तिला पितळी कडं,
पुढे पोलादाची जीभ, टोकाला वळलेली,
वळणात एक भोक:
दोरा जाईल, सुई जाणार नाही.
टेकवलं. फुलबाजी.
म्हणजे बिडात टाकायचं नाही.
पण आहे काय?

गल्ल्याशेजारी ठेवलं
आणि येईल त्याला विचारायला लागले.

चपला शिवणारे बनसोडे म्हणाले, आरीच्या जातीचं आहे,
पण आरीला खाच असते, ताई, भोक नाही.
चेंदणीच्या पमीताई नाखवा जुना नांगर विकायला आल्या,
त्यांनी ते तळव्यावर जोखलं:
"कालवं फोराला बरा हाय.
पन खाऱ्या पान्यान पितल असा पिवला ऱ्हातंय का गो?"
दातांच्या शेंडे डॉक्टरांनी दुरूनच हात जोडले.
कुणी म्हणालं, जात्याला लावायची टाकी.
मग पीठही वाकडं पडलं असतं.
एका पोरानं फोटो काढला,
त्याच्या मोबाइलनं सांगितलं: चमचा.

मी वहीत लिहीत गेले.
आरी नाही.
कालवांचं नाही.
टाकी नाही. चमचा नाही.
काय आहे, याला एक ओळ पुरली असती,
काय नाही, त्याची दोन पानं भरली.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं
तेव्हा मूठ नीट पाहिली.
अंगठ्यानं घासून पाडलेला खड्डा
चुकीच्या बाजूला होता.
डावखुरा.
एवढं मात्र मी कुणाला न विचारता लिहिलं.

चिकणे फिटर आले ते गणपतीच्या आधी,
मखराला नटबोल्ट हवे होते.
बसलेसुद्धा नाहीत.
"हे जगदाळेचं," म्हणाले,
"हे तुम्हाला बाजारात कुठं मिळायचं नाही.
बावीस नंबर रोडला फितीचा कारखाना होता,
त्यात सात नंबरचं मशीन.
धागा तुटायचा तो नेमका आत,
जिथं बोट जात नाही.
जगदाळेनं मोडकी कानस तापवून, ठोकून
घरच्या स्टोव्हवर हे केलं.
बाकीच्या मशीनना लागायचं नाही.
फक्त सातला."

मग त्यांनी विचारलं,
"मशीन कुठं गेलं असेल हो?"

मला माहीत होतं.
दोन दिवाळ्यांमागे मीच काट्यावर घेतलं होतं,
दोन टन एकशे दहा, बीड,
बाजूवर हिरव्या रंगात सात.
कोल्हापूरच्या फाउंड्रीत गेलं.
आता कुठल्या तरी विहिरीवर
पंपाचं पोट होऊन धडधडत असेल.
तोंडानं मी म्हटलं, "गेलं असेल कुठंतरी."

चिकण्यांनी हत्यार उचललं.
कोपर वर, मनगट आत,
हवेतल्या मशीनमध्ये मान तिरकी घालून
अर्धा फेरा, आणि हळूच मागे.
टोकावरची कसर फुंकली.
धागा आला की नाही, मला दिसलं नाही,
त्यांनी मान हलवली.

"मी उजवा," म्हणाले. "मला नाही जमलं कधी.
मुकादमानं दोन पोरांना शिकवायला लावलं होतं,
तीही उजवीच.
जगदाळे रजेवर गेला की
सात नंबर उभं असायचं."

नटबोल्टचे अठ्ठावीस रुपये झाले.
सुटे नव्हते, म्हणाले उद्या देतो.